शाल, श्रीफळ आणि पाच पाकिटे

मराठीत लिहिणारा-शिकवणारा माणूस साठ वर्षांचा झाला की त्याच्याभोवती एक समिती जमते. पंचाहत्तरीला तीच समिती, काही सदस्य वजा होऊन, पुन्हा जमते. गिरगावात किंवा दादरला सभागृह ठरते, अध्यक्ष ठरतात, शाल येते, श्रीफळ येते, पाकीट येते आणि चारशे पानांचा गौरवग्रंथ प्रकाशित होतो. सत्कारमूर्तींचे ‘ऋजू व्यक्तिमत्त्व’, त्यांची ‘व्यासंगी वृत्ती’ आणि ‘विद्यार्थ्यांवरील निरपेक्ष प्रेम’ यांविषयी त्यात तीस जणांनी लिहिलेले असते. नाव झाकून त्यातला कोणताही एक लेख वाचावा आणि तो कोणाविषयी आहे हे ओळखून दाखवावे. बहुतेक वेळा ओळखता येणार नाही. शेजारच्या महाविद्यालयातील दुसऱ्या कोणाच्याही गौरवग्रंथात तो लेख बिनदिक्कत बसेल.

अलीकडे आमच्या ओळखीतील एका निवृत्त प्राध्यापकांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या मुलीने आणि चार माजी विद्यार्थ्यांनी गौरवग्रंथाचा बेत बाजूला ठेवला आणि पाच कोडी रचून दिली. पाच रविवार, पाच पाकिटे. हे स्टाफरूममध्ये कळले तेव्हा उमटलेली प्रतिक्रिया एका शब्दाची होती : ‘पोरखेळ’. हा शब्द उच्चारणारे सगळे साहित्याचे अध्यापक होते, म्हणून हा लेख लिहावा लागत आहे. माझे म्हणणे असे आहे की, ती पाच कोडी हे त्या माणसाचे काटेकोर आणि जबाबदार वाचन होते. आणि आपला सरासरी गौरवग्रंथ हा पुस्तक न उघडता लिहिलेला अभिप्राय असतो.

आधी कोडी काय होती ते सांगतो. सर जन्माने लालबागचे, गिरणी कामगाराचे चिरंजीव. दिवसा महाविद्यालयात आणि पुढे कित्येक वर्षे संध्याकाळी परळच्या एका रात्रशाळेत त्यांनी मराठी शिकवले. दर रविवारी सकाळी घरच्या वर्तमानपत्रात घडी घालून ठेवलेले एक पाकीट त्यांना मिळे. आत एक चिठ्ठी. चिठ्ठीत नेमक्या एका जागी जाण्याची सूचना आणि तिथे उभे राहून सोडवायचा एक प्रश्न. उत्तराचे फक्त पहिले अक्षर जपून ठेवायचे. सोबत दर वेळी रचनाकारांपैकी एकजण असे, पण त्याने बोलायचे नाही, फक्त टॅक्सीचे आणि चहाचे पाहायचे, असा नियम होता.

पहिल्या चिठ्ठीने त्यांना दादरला नेले. ‘१९६४ पासून जिथे गाडी येत नाही, तरी जिथे तिचे शेवटचे स्थानक आजही आहे, तिथून चालत पुस्तकांच्या घरी या’, अशी सूचना होती. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतील शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली आणि ट्राम संपली. पण दादर टी. टी., म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नाव बसच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी राहिले. तिथून जवळ १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वास्तू आहे. प्रश्न असा : ‘या घरी जिची पूजा होते आणि १८९९ मध्ये जिचे लग्न म्हाताऱ्याशी लावायला निघाले होते, ती कोण?’ गोविंद बल्लाळ देवलांची शारदा. पंचाहत्तरीच्या गृहस्थाला हा प्रश्न विचारण्यात जो खट्याळपणा आहे तो वेगळा सांगायला नको. अक्षर मिळाले ‘शा’.

दुसऱ्या रविवारी लोअर परळ. चिठ्ठीत एकच वाक्य : ‘परळ इथून उठून कोणाच्या घरी राहायला गेले, ते जाहिरातीत वाचा.’ गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या जाहिरातींत लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणण्याची रीत बांधकाम व्यावसायिकांनी पाडली. ‘लोअर’ हा शब्द खपत नाही आणि ‘परळ’ला घामाचा वास येतो, हे त्यामागचे अर्थशास्त्र. उत्तर वरळी, अक्षर ‘व’.

तिसऱ्या रविवारी एका बंद गिरणीचे फाटक. ‘या दारातून जे गाठोड्यांनी आत जात असे, त्याला शेजारची भाषा एका अक्षरात काय म्हणते?’ गुजरातीत कापसाला ‘रू’ म्हणतात. कापसाचा व्यापार कोणाच्या हाती होता, सूत कोण कातत होते आणि एकाच मालाला दोन भाषांत काय म्हटले जाई, हा सगळा इतिहास त्या एका अक्षरात आला.

चौथा रविवार जन्मगावीच, लालबागच्या शेजारी. ‘मोरोपंत वाचलेल्याला इथे हत्ती दिसतो, न वाचलेल्याला कालवण.’ उत्तर करी रोड. संस्कृत काव्यात आणि आपल्या पंडित कवींत ‘करी’ म्हणजे हत्ती. बाकी साऱ्या जगाला करी म्हणजे काय हे ठाऊक आहे. अक्षर ‘क’.

पाचव्या रविवारी, म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी, गिरगाव. ‘१८९८ साली एक काळ सुरू झाला. बरोबर पंचवीस वर्षांनी या गल्ल्यांत एका नाटककाराने तो नवा केला.’ शिवराम महादेव परांजप्यांचे ‘काळ’ १८९८ मध्ये पुण्यात निघाले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘नवाकाळ’ १९२३ मध्ये मुंबईत. अक्षर ‘न’.

शा, व, रू, क, न. सरांनी टॅक्सीत बसल्याबसल्या ती अक्षरे चिठ्ठीच्या पाठीवर लिहिली, मागेपुढे केली आणि थांबले. ‘कशावरून’. चाळीस वर्षे विद्यार्थ्यांच्या निबंधांच्या समासात लाल शाईने त्यांनी लिहिलेला शब्द हाच होता. ‘ही कविता अत्यंत भावोत्कट आहे’ असे कोणी लिहिले की समासात ‘कशावरून?’. ‘कवीला निसर्गाची ओढ आहे’ : ‘कशावरून?’. मुलीला ही सवय माहीत नव्हती. तिने त्यांचे तपासलेले पेपर कधी पाहिले नव्हते. रात्रशाळेच्या एका विद्यार्थ्याने आपली जुनी वही जपून ठेवली होती, त्या वहीवरून हे उत्तर ठरले. उलट, वर्तमानपत्राच्या घडीत पाकीट ठेवले तर ते आधी तिसरे पान उघडतात म्हणून लगेच सापडेल, हे विद्यार्थ्यांना माहीत नव्हते. ते मुलीने सांगितले. सरांनी शब्द वाचल्यावर मात्र पहिली शंका रीतसर काढली. ‘अक्षरे याच क्रमाने लावायची हे कशावरून? चिठ्ठ्यांत तसे कुठे म्हटलेले नाही.’ त्यावर वहीवाल्या विद्यार्थ्याचे उत्तर होते, ‘सर, दुसऱ्या कोणत्याही क्रमाने अर्थ लागत असेल तर दाखवा.’ सरांनी हा पुरावा मान्य केला, असे कळते.

आता ‘पोरखेळ’ या आक्षेपाकडे वळू. त्याचे तीन पदर आहेत आणि तिन्ही तपासण्यासारखे आहेत.

पहिला पदर असा की, कोडे हा वाङ्मयाचा कनिष्ठ प्रकार आहे. मुलांसाठी ठीक, विद्वानांच्या सन्मानाला शोभणारा नव्हे. हे मत मराठीच्या अध्यापकाने बाळगावे याचे मला आश्चर्य वाटते. आपल्याकडे ग्रंथलेखनाची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिकाच कोड्यांच्या करारावर उभी आहे. लेखणी थांबणार नाही, ही गणपतीची अट. अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही, ही व्यासांची प्रतिअट. गणपती अर्थ लावीपर्यंत व्यासांना उसंत मिळावी म्हणून मधूनमधून कूटश्लोक, तेही परंपरा सांगते त्याप्रमाणे ८८००. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा मूळ संहितेबाहेर काढली, हे खरे. पण ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्यांना काय म्हणायचे होते ते स्पष्ट आहे : न समजता लिहून घेणारा लेखनिक व्यासांना नको होता. लालबाग-परळला दर भाद्रपदात ज्याच्या दर्शनाला दिवसदिवस रांगा लागतात, त्या देवाची वाङ्मयातील पहिली नोकरी ही कोडी सोडवण्याची होती.

पुढे यावे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले; विसाव्या शतकाच्या आरंभी त्या उलगडल्या तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. ज्ञानदेवांच्या नावावरील कूट अभंग आणि नाथांची भारुडे यांत वरचा अर्थ आणि आतला अर्थ यांचा लपंडाव आहे. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) अष्टोत्तरशत रामायणे रचली. त्यांतील निरोष्ठ रामायणात ओठ जुळवून उच्चारावे लागणारे एकही व्यंजन येऊ दिले नाही. आणि ज्याला आपण ‘उखाणा’ म्हणतो तो शब्द नाव घेण्यालाही आहे आणि कोड्यालाही आहे. जे नाव उघड घ्यायचे नाही ते आडवळणाने सांगावे, ही मराठी बायकांनी शतकानुशतके चालवलेली रचनाशाळा. सरोजिनी बाबरांनी हे मौखिक धन गोळा केले. दुर्गा भागवतांनी तर भारतीय जीवनातील आणि वाङ्मयातील कोड्यांवर १९६५ मध्ये इंग्रजीत स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ज्या विदुषीने आयुष्यातील कित्येक वर्षे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात काढली तिला कोडे हा पोरखेळ वाटला नाही.

गंमत अशी की, हाच खेळ पॅरिसहून आला की आपण उठून उभे राहतो. १९६० मध्ये तिथे ‘उलिपो’ हा लेखकांचा गट स्थापन झाला. त्या गटातील जॉर्ज पेरेक याने १९६९ मध्ये ‘ई’ हे अक्षर एकदाही न वापरता संपूर्ण कादंबरी लिहिली. यावर आपल्याकडे चर्चासत्रात निबंध वाचले तर तो सिद्धान्त होतो. मोरोपंतांचे निरोष्ठ रामायण मात्र एम.ए.च्या वर्गात ‘शब्दचमत्कृती’, ‘कारागिरी’, ‘पांडित्यप्रदर्शन’ अशा तीन शब्दांत निकालात निघते. पेरेकचा बंध आणि पंतांचा बंध यांत गुणात्मक फरक असेलही. तो दाखवून द्यावा. पण तो दाखवण्यासाठी आधी दोन्ही ग्रंथ वाचावे लागतील, आणि इथेच आमची अडचण आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, अनेक पिढ्यांना वाचायची चटक लावली. आपल्या अभ्यासक्रमांत त्यांना दारातही उभे केले जात नाही. जिथे वाचकाला काहीतरी शोधायचे असते त्या लेखनाविषयी आपल्या विभागांना एक जुना संशय आहे.

आक्षेपाचा दुसरा पदर अधिक गंभीर आहे. तो असा : गौरवग्रंथ टिकतो, ग्रंथालयात राहतो, पुढच्या संशोधकाला उपयोगी पडतो. पाच चिठ्ठ्यांचे काय? त्या एका कुटुंबापुरत्या. यातले पहिले विधान मी अंशतः मान्य करतो. काही गौरवग्रंथांच्या शेवटी जोडलेली लेखनसूची आणि जीवनपट यांचे ऋण प्रत्येक पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला मान्य करावे लागेल. काहींत एखाद्या विषयावरचे खरेखुरे संशोधनपर लेख असतात आणि ते सत्कारमूर्तींपेक्षा दीर्घायुषी ठरतात. तसे ग्रंथ निघत राहावेत. पण सूचीची तीस पाने आणि दोन चांगले लेख यांच्या जोरावर उरलेल्या साडेतीनशे पानांतील विशेषणांचे समर्थन होत नाही. त्या पानांचे टिकणे हा त्यांचा गुण नसून ग्रंथालयाच्या जागेवरचा भार आहे.

दुसऱ्या विधानातही तथ्य आहे. घरगुती कोडे बाहेरच्याला बंद असते. महानुभावांच्या सांकेतिक लिपीने ग्रंथांचे रक्षण केले आणि त्याच लिपीने मराठी समाजाला कित्येक शतके त्या गद्यापासून दूर ठेवले. समीक्षा उघड्यावर व्हावी लागते. तिचा पुरावा कोणालाही तपासता आला पाहिजे. म्हणून पाच चिठ्ठ्यांना मी समीक्षा म्हणणार नाही. ती समीक्षेची तालीम आहे, आणि तालमीशिवाय आखाड्यात उतरलेल्या समीक्षेचे काय होते ते आपण रोज पाहतो. कोडे रचणाऱ्याला एक गोष्ट सक्तीने करावी लागते, जी गौरवलेख लिहिणाऱ्याला टाळता येते. त्याला समोरच्या माणसाला नेमके काय माहीत आहे, काय माहीत नाही, कुठे तो हसेल, कुठे अडेल, कोणता शब्द त्याचाच आहे, याचा हिशेब मांडावा लागतो. ‘त्यांचा मोरोपंतांचा व्यासंग दांडगा होता’ हे वाक्य कोणीही लिहील. करी रोडच्या पाटीखाली त्यांना हत्ती दिसेल, यावर पैज लावायची तर व्यासंग खरोखर दांडगा असावा लागतो. त्यांचाही आणि थोडासा आपलाही. चिठ्ठी चुकीची असेल तर ती सुटत नाही. गौरवलेख चुकीचा असला तरी टाळ्या पडतातच.

तिसरा पदर व्यावहारिक आहे : हे सगळे आता विकत मिळते. मिळते खरे. ‘ट्रेझर हंट’ आयोजित करून देणाऱ्या कंपन्या आहेत; एआय चॅटबॉटला सांगितले तर तो मिनिटाभरात पन्नास यमकबद्ध कोडी पुढे ठेवतो. फोर्टपासून खोताच्या वाडीपर्यंत वारसाफेऱ्या निघतात आणि त्यांत छायाचित्रे काढून होतात. या सगळ्यांवर माझा राग नाही. पण वस्तू वेगळी आहे हे लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९८१ पासून दर जानेवारीत भरणारी ‘मिस्टरी हंट’ ही हुशार अनोळखी माणसांनी हुशार अनोळखी माणसांसाठी घातलेली कोडी आहेत. तिचा आनंद स्पर्धेचा आहे. इंग्लंडमध्ये किट विल्यम्स या चित्रकाराने १९७९ मध्ये ‘मास्करेड’ नावाचे चित्रमय पुस्तक काढले आणि त्यातील कोड्यात जमिनीत पुरलेल्या सोन्याच्या सशाचा ठावठिकाणा दडवला. हजारो लोकांनी शेते उकरली. १९८२ मध्ये ससा सापडला आणि काही वर्षांनी उघड झाले की, तो मिळवणाऱ्याला जागेचा सुगावा चित्रकाराच्या एका जुन्या मैत्रिणीच्या माहितीवरून लागला होता; कोडे सोडवून नव्हे. ज्या कोड्यात शेवटी सोने असते तिथे वाचणे हा लांबचा रस्ता ठरतो आणि लोक जवळचा शोधतात. आपल्या वर्गातील गाइडे हा असाच जवळचा रस्ता आहे. तिथे सशाच्या जागी गुण पुरलेले असतात. सरांच्या पाच पाकिटांत शेवटी काही नव्हते. एक शब्द होता, तोही त्यांचाच. असे कोडे दुसऱ्या कोणाकडून सोडवून घेण्यात कोणालाच काही मिळत नाही.

आणि विकत घेतलेले कोडे सर्वांना सुटावे अशा बेताने रचलेले असते. ‘मुंबईतील प्रसिद्ध समुद्रकिनारा, नावात चौपाटी’ या धर्तीचे. ते कोणालाही देता येते, म्हणजे कोणासाठीच केलेले नसते. नाव झाकलेल्या गौरवलेखाचा दोष आणि या कोड्याचा दोष एकच आहे.

एवढ्यावर हा वाद घरगुती राहिला असता. पण त्या पाच रविवारांत आणखी एक गोष्ट पणाला लागली होती आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाच कोड्यांपैकी प्रत्येकाचा आधार एका जागेवर आणि तिच्या नावावर होता. नाव उरले आणि वस्तू गेली, अशी ट्राम. वस्तू तिथेच आणि नाव बदलले, असे परळ. दोन्ही गेले आणि फाटक उरले, अशी गिरणी. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. त्याच १९८२ मध्ये गिरगावात, खटाववाडीतील मौजेचे ‘सत्यकथा’ मासिक बंद झाले. एका वर्षात परळचे चक्र थांबले आणि गिरगावचेही. आपल्या वाङ्मयेतिहासात या दोन नोंदी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. पहिली बहुधा ‘कामगार साहित्य’ या पोटशीर्षकाखाली, नारायण सुर्व्यांच्या आगेमागे. त्या एकाच शहरात, काही मैलांच्या अंतरावर घडल्या हे विद्यार्थ्याला जाणवत नाही, कारण त्याने ते अंतर कधी चालून पाहिलेले नसते.

परळचे दामोदर नाट्यगृह, ज्यावर कामगार रंगभूमीच्या कित्येक पिढ्या वाढल्या, २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ पासून प्रभादेवी झाले. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावखालून भुयारी मेट्रो धावते आणि तिच्यासाठी वरच्या काही इमारती गेल्या. यांतील प्रत्येक बदलाविषयी मत वेगळे असू शकते; मेट्रोने दादरहून गिरगावला येणाऱ्या विद्यार्थ्याचा वेळ वाचतो हे मी नाकारत नाही. माझा मुद्दा इतकाच की, ज्या मराठी वाङ्मयाला आपण ‘महानगरी संवेदना’ वगैरे म्हणून शिकवतो त्याचे पत्ते हे होते. त्या पत्त्यांवर जाऊन काही विचारणारा आणि काही ओळखणारा माणूस उरला नाही, तर त्या वाङ्मयाच्या तळटिपाही कळेनाशा होतील. ‘अप्पर वरळी’त वाढलेल्या मुलाला परळ शब्दाची धग कशी सांगणार? ती पाकिटे रचणाऱ्या मंडळींनी हे काम एका वाढदिवसाच्या निमित्ताने, कागद आणि टॅक्सीभाड्याच्या खर्चात केले. त्यासाठी त्यांना देवलांच्या नाटकाचे साल पाहावे लागले, ‘काळ’ कधी निघाला ते शोधावे लागले, एका गुजराती शेजाऱ्याला कापसाचा शब्द विचारावा लागला. एखाद्या विद्यापीठीय प्रकल्पात एवढे तपासून पाहिले जाते, असे छातीठोकपणे सांगणारा सहकारी मला दाखवावा.

‘पंचाहत्तरीच्या माणसाला उन्हात का हिंडवायचे?’ हा आक्षेपही काकुळतीने घेतला गेला. त्याच माणसाला तीन तास खुर्चीवर बसवून, गळ्यात हार आणि अंगावर शाल घालून, अकरा भाषणे ऐकवताना ही काकुळती कुठे असते, हे कळत नाही. आपल्या परंपरेने तरी वयाच्या टप्प्यांकडे बसून पाहायला सांगितलेले नाही. एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर आपण सहस्रचंद्रदर्शन करतो. हजार पौर्णिमा मोजल्या तर सुमारे ऐंशी वर्षे दहा महिने होतात. त्या विधीच्या मुळाशी कल्पना आहे ती पाहण्याची. माणसाने इतक्यांदा वर पाहिले, याचा तो उत्सव आहे. आपण मात्र त्याला पाहणारा ठेवत नाही. पाहण्याची वस्तू करून मंचावर मांडतो. पाच रविवार सर पाहत होते, विचार करत होते, चुकत होते. तिसऱ्या चिठ्ठीला त्यांनी आधी ‘सूत’ असे उत्तर दिले आणि ‘एका अक्षरात’ हे शब्द पुन्हा वाचून स्वतःच खोडले. पंचाहत्तराव्या वर्षी कोणी आपल्याला चुकण्याची संधी देते, म्हणजे अजून आपल्याकडून बरोबर उत्तराची अपेक्षा ठेवते. सत्कारात ही अपेक्षा संपलेली असते.

तेव्हा माझी सूचना दुहेरी आहे. गौरवग्रंथांच्या संपादकांनी लेखकांना पत्र पाठवताना एक अट घालावी : सत्कारमूर्तींच्या लेखनातील किंवा अध्यापनातील एखादी अशी गोष्ट लिहा, जी त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाविषयी लिहिता येणार नाही, आणि ती कशावरून म्हणता ते सांगा. या अटीने लेख तीसचे आठ होतील. ग्रंथ पातळ होईल, समितीचा छपाईखर्च वाचेल आणि आठही लेख कोणीतरी वाचेल.

दुसरी सूचना आपल्या वर्गांसाठी. पुढच्या सत्रात एम.ए.च्या विद्यार्थ्यांना ‘अमुक कवीच्या कवितेतील निसर्ग’ या विषयावर निबंध न देता त्यांना त्या कवितेवर एक कोडे रचायला सांगावे. अट अशी की, कविता वाचलेल्याला ते सुटले पाहिजे, फक्त गाइड वाचलेल्याला सुटता कामा नये. पहिल्या फेरीत बहुतेकांची कोडी गाइडवाल्यालाही सुटतील. ती वर्गात वाचून दाखवावीत आणि परत द्यावीत. दुसऱ्या फेरीत विद्यार्थ्यांना कविता पुन्हा उघडावी लागेल. हे गुणांत कसे बसवायचे, हा प्रश्न विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे नेता येईल; तोवर चाचणी परीक्षेच्या वीस गुणांत ते करून पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. मात्र असा तास घेणाऱ्या अध्यापकाने स्वतःचे एक कोडे रचून आधी फळ्यावर लिहावे, आणि ते वर्गातल्या कोणालाही सुटले नाही तर ते का सुटले नाही याची चर्चा आपल्यापासून सुरू करावी.